अकरावीत घसरलेल्या लेकीचं सायन्स सोडवावं का?

ताई,

तुमचं पत्र मिळालं. उदगीरजवळच्या गावात घर, दारात चार गाई. दहावीला ९१ टक्के मिळवलेली लेक ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर ठेवली आणि अकरावीच्या दोन्ही चाचण्यांत ती फिजिक्समध्ये नापास झाली. गेल्या महिन्यात मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या जन्मजात वेगळेपणाचं निदान केलं. तिचे बाबा म्हणतात, ‘गाय व्यायला झाली की पोरगी रात्रभर गोठ्यात बसते, हिला कसला आलाय लक्ष न लागण्याचा आजार?’ आणि तुम्ही विचारलंय, सायन्स सोडवून आर्ट्सला घालू का?

यंदा तरी नको. आधी उपचार, मग राहण्याची सोय, शाखेचं त्यानंतर बघू. आज शाखा बदललीत तर ती शिक्षा वाटेल, आणि एडीएचडी आर्ट्सच्या वर्गातही तिच्यासोबत येईलच.

बाबांच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ते पटल्याशिवाय पुढचं काही होणार नाही. त्यांनी पाहिलंय ते खरंच आहे. एडीएचडीत लक्ष असतं. ते ठरवून, हवं तिथे वळवणं आणि तिथे टिकवणं जमत नाही. गोठ्यात क्षणाक्षणाला काही घडत असतं. गाय ऊठबस करते, पाणमोट फुटते, वासराचे खूर दिसतात, आणि काही चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. अशा वेळी तिचा मेंदू आपसूक जागा होतो. फिजिक्सच्या गणितांचं फळ मात्र दीड वर्षाने मिळणार. तिथे मनाला रेटावं लागतं, आणि या रेटण्यात डोपामिन, नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या ज्या रसायनांचा मोठा वाटा असतो, त्यांचं काम एडीएचडीत वेगळं चालतं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी २००७ साली मुलांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग आपली सर्वाधिक जाडी गाठतो ते वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं, एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. सर्वात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. बेत आखणं, स्वतःला आवरणं ही कामं त्याच भागाची. शिवाय हे बरंचसं आनुवंशिक असतं. त्यामुळे ‘मोबाईलनेच झालं’ हे घरात कुणी म्हणू नये, आणि तुमच्या संस्कारांवरही बोट ठेवू नये.

मग सोळाव्या वर्षीच कसं दिसलं? लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, आणि ती होती. तुम्हीच लिहिलंय की चौथीत असताना पेन आणायला आतल्या खोलीत गेली आणि अर्ध्या तासाने ट्रंकेत अंथरलेला जुना पेपर वाचताना सापडली. पण उड्या मारणारा मुलगा पहिलीतच शिक्षकांच्या डोळ्यांवर येतो. खिडकीबाहेर बघणारी मुलगी ‘जरा स्वप्नाळू’ म्हणून सुटते. हुशारी होती, आणि दप्तर भरायला, उठवायला, शेजारी बसून प्रश्नोत्तरं करून घ्यायला तुम्ही होतात. हॉस्टेलवर ते सगळं एका दिवसात थांबलं. तिची बुद्धी दहावीनंतर आटली नाही, ताई. तिचा आधार गेला.

आता औषध. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलंय आणि ‘वेडाची गोळी’ म्हणून ती कपाटात पडून आहे, हे वाचून जीव कळवळला. हे औषध अनेक दशकं वापरात आहे. भूक कमी होणं, झोप लांबणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन, नाडी, रक्तदाब बघत डॉक्टर मात्रा ठरवतात. ते मानवलं नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय आहे. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकलेल्या अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सची वैद्यकीय कागदपत्रं २०१६ साली हॅकरांनी फोडली, तेव्हा तिने उघडपणे सांगितलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून त्याचं औषध घेते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाबांना हे वाचून दाखवा. पुढच्या भेटीला त्यांनाच लेकीसोबत पाठवा. शंका डॉक्टरांसमोर बसून विचारू देत.

हॉस्टेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या वर्षी तिला तिथे एकटी ठेवू नका. लातूरात खोली घेऊन मुलांसोबत राहणाऱ्या कितीतरी आया आहेत. तुम्हाला किंवा आजीला जमत असेल तर उत्तम, नाहीतर उदगीरच्या ज्युनियर कॉलेजात आणून घरी ठेवा. मोठ्या क्लासचं नाव सुटेल, सुटू दे. शेजारी कुणीतरी आपलं काम करत बसलेलं असलं की या मुलांचा अभ्यास पुढे सरकतो. त्या माणसाला फिजिक्स यायची गरज नाही, तुम्ही शेंगा फोडत बसलात तरी चालेल. वीस-पंचवीस मिनिटांचा गजर, मग उठून फिरणं, मग पुन्हा बसणं. आणि ‘अभ्यास कर’ म्हणू नका. ‘पान ४२ वरची पहिली तीन गणितं’ असं सांगा.

तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. धावपळ, हाताचं काम, दर तासाला नवी केस, लगेच दिसणारा परिणाम असं काम एडीएचडीच्या अनेकांना मानवतं, आणि हिची ओढ तर गोठ्यात दिसलेलीच आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या उदगीरलाच आहे, दुसरं परभणीला. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स. पण वाट नीटमधून जाते, आणि ती परीक्षा हिच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवते. २०२५ पासून १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकलं की एक गुण वजा. येत असलेला प्रश्न अर्धवट वाचून चुकवणं, गोल काळे करायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर भलताच गोल काळा करणं, इथे तिचे गुण जातील. त्यामुळे पूर्ण वेळ लावून पेपर सोडवण्याचा सराव लवकर सुरू करा. सोबत एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षाही द्यायला लावा. तिथे दीड-दीड तासाचे दोन वेगळे भाग असतात, चुकीला गुण कापत नाहीत आणि बीएस्सी अ‍ॅग्रीचा रस्ता उघडा राहतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत मिळणाऱ्या जादा वेळेच्या सवलतीवर मात्र विसंबू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातल्या खास अडचणीचं आहे, आणि ती बऱ्याचदा सोबत असते. तेवढी तपासणी करून घ्या.

आता दोन शब्द लेकीसाठी, तिलाच वाचू दे.

बाळा, तुझ्या वहीची सहा पानं सुरेख लिहिलेली आणि पुढची कोरी आहेत, असं आईने लिहिलंय. कोरी पानं भरत बसू नकोस. आजच्या तासाचं आजच्या तारखेला लिही, मागचं मैत्रिणीकडून फोटो काढून घे. एखादा दिवस हातातून गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची प्रतिज्ञा करू नको, ती मोडते आणि मग आठवडा जातो. गोळी घेतल्यावर काय वाटतं ते चार ओळींत लिहून ठेव आणि ते डॉक्टरांना तूच सांग, आईने नव्हे.

ताई, उपचार नीट सुरू होऊन दोनेक महिने झाले की फिजिक्सची पुढची उत्तरपत्रिका मला पाठवा. प्रत्येक चुकीपुढे तिच्याकडून खूण करून घ्या: येत नव्हतं, येत असून चुकलं की वेळच पुरला नाही. नीटला यंदा किती जोर लावायचा ते त्या खुणा बघून ठरवू.