लिहिणाऱ्यांचे प्रश्न : पडक्या शहरातली धडधाकट इमारत

प्रश्न : ताई, मी अद्भुतरम्य कादंबरी लिहिते आहे. ८०० वर्षांपूर्वी ओस पडलेल्या शहरात माझी नायिका पोचते. सगळीकडे ढिगारे, मधोमध मात्र घुमटाची एक इमारत जशीच्या तशी उभी. आत दिवे जळताहेत. मैत्रिणी वाचून म्हणतात, वर्णन छान आहे, पण जादू जाणवत नाही. आणखी काय घालू? रंग बदलणाऱ्या भिंती? बोलणारे पुतळे?

उत्तर : काहीही घालू नका. आधी भोवतालचे ढिगारे नीट लिहा. जादू तिथे अडली आहे.

मी वास्तुविशारद. जुन्या दगडी वास्तूंच्या दुरुस्तीत माझं बरंच आयुष्य गेलं, म्हणून पडझडीकडे मी फार जवळून बघते. ओस पडलेल्या इमारतीचं बहुतेक वेळा आधी छप्पर जातं. मग पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरतं, दरजांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला, चुना धुऊन नेतं, तिथे बी रुजतं आणि मुळं दगड हलवतात. उरलेलं माणसं नेतात. रोमच्या कोलोसियमच्या भिंतींवर जी असंख्य भोकं दिसतात, ती दगड सांधणारं लोखंड मध्ययुगात लोकांनी उकरून काढल्याच्या खुणा आहेत. आयता घडीव दगड तर कुणीच सोडत नाही.

मग तुमच्या इमारतीचा दगड ८०० वर्षांत कुणी का नेला नाही? नायिकेला हा प्रश्न पडू द्या. एका कोपऱ्यावर छिन्नीचे घाव दाखवा, वेगवेगळ्या काळातले, पण सगळे एकाच खोलीवर थांबलेले. दरजेत कुणाची तरी गंजलेली पहार अजून अडकलेली असू दे. माणसं आली होती, त्यांनी प्रयत्न केला, आणि काहीतरी झालं. बोलणाऱ्या पुतळ्यापेक्षा ही पहार मला कितीतरी जास्त घाबरवते.

आता खरोखर टिकलेली वास्तू बघा. रोममधलंच पँथिऑन हे प्राचीन मंदिर. इ.स. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, वापर चालू राहिला, म्हणून डागडुजीही चालू राहिली. तरीही घुमटावरचे सोन्याचा मुलामा दिलेले कांस्याचे पत्रे सातव्या शतकात एका सम्राटानेच काढून नेले. माझं लक्ष मात्र नेहमी त्याच्या दाराकडे जातं. पूर्वी तिथे पायऱ्या चढून जावं लागे. शतकानुशतकं भोवतालची जमीन भरत गेली आणि त्या पायऱ्या मातीखाली गेल्या.

तुमच्या शहरातही माती, राडारोडा, पालापाचोळा साचून जमीन पुरुषभर वर आली असणार. म्हणजे दारापर्यंत पोचायला नायिकेला खाली उतरावं लागायला हवं. ती उतरत नाही. शहर नांदतं असताना लोक जितक्या पायऱ्या चढत, तितक्याच ती चढते. इमारत जमिनीबरोबर वर आली आहे. हे नायिकेच्या ध्यानात येईल तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येईल, आणि ‘जादू’ हा शब्द तुम्हाला वापरावाही लागणार नाही. दिव्यांचंही तसंच. ८०० वर्षं दिवे जळताहेत, तर वर बघा : घुमटाला काजळीचा कण नाही. तेवढं एक वाक्य पुरे.

यापुढचं मात्र तुम्हालाच ठरवायचं आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. ही इमारत उभी राहण्यासाठी काय खाते? सुचवू का? आजूबाजूच्या भिंतींमध्ये चुनाच नाही. पाण्याने धुपलेला असता तर खाली ओघळ दिसले असते, कुठेतरी थोडा शिल्लक राहिला असता. इथे दरजा आतपर्यंत कोरड्या, स्वच्छ, रिकाम्या आहेत. शहर पडलं आणि ही इमारत वाचली, असं नाहीच. हिने स्वतःला सावरायला शहर ओढून घेतलं. नायिका गवंड्याची मुलगी असेल तर भिंतीवरून नुसतं बोट फिरवून तिला हे कळेल. ती राजकन्या असेल, तर कृपा करून तिच्यासोबत एक गवंडी द्या.

प्रश्न : शहर का ओस पडलं, हे वाचकाला सांगायलाच हवं का?

उत्तर : सांगायला नको, पण तुम्हाला पक्कं ठाऊक हवं, कारण मागे राहिलेल्या वस्तू त्यावर ठरतात. पाँपेई या रोमन शहरावर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीची राख कोसळली, तेव्हा पाव भट्टीतच राहिले. कोळसा झालेले ते पाव उत्खननात सापडले. हळूहळू रिकामं होणारं शहर असं काही मागे ठेवत नाही. माणसं दारं, तुळया, भांडी सोबत नेतात, दळणाची जड दगडी जाती तेवढी उरतात. तुमच्या शहरात दारांच्या चौकटी आहेत की नाहीत, एवढं आज ठरवा आणि लिहायला बसा.