एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणारा पाच-सहा दिवसांचा डोंगरातला ट्रेक स्वतः कसा आखावा?

एक-दोन दिवसांचे ट्रेक तुम्ही केले आहेत आणि आता जिथून निघालो तिथे परत न येणारा पाच-सहा दिवसांचा ट्रेक स्वतः आखायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते आखणी शेवटच्या टोकापासून करावी. त्या टोकाला तुम्ही दमलेले, भिजलेले आणि कदाचित एक दिवस उशिरा पोहोचणार असता, म्हणून तिथून घरी जायची सोय सर्वांत आधी पक्की व्हायला हवी. जमत असेल तर स्वतःची गाडी शेवटच्या टोकाला ठेवून दुसऱ्या वाहनाने सुरुवातीच्या टोकाला जावे. पहिल्या दिवशी वाहनाची वाट पाहावी लागली तरी फारसे बिघडत नाही; शेवटच्या दिवशी मात्र ठरावीक वेळेची बस गाठायची असली की माणूस उतारावर धावू लागतो आणि पाय नेमका तिथेच मुरगळतो.

त्यानंतर दिवसांची वाटणी करावी, आणि ती किलोमीटरवर न करता तासांवर करावी. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर अंतर आणि १२०० मीटर चढ असलेल्या दिवसाला पाच तास लागतील. मात्र या हिशेबात विश्रांती धरलेली नाही आणि पाठीवरचे भरलेले ओझेही धरलेले नाही, म्हणून मी येणाऱ्या आकड्याची दीडपट करतो. तो दिवस माझ्या वहीत साडेसात तासांचा होतो. पहिला दिवस मुद्दाम लहान ठेवावा, कारण सगळा शिधा पाठीवर असल्याने त्या दिवशी सॅक सर्वांत जड असते. माणशी रोजचे कोरडे अन्न साधारण ६०० ते ८०० ग्रॅम धरले, तरी सहा दिवसांचे चार-पाच किलो होतात, आणि पाण्याचा प्रत्येक लिटर एक किलोची भर घालतो.

मुक्कामाची जागा पाण्यावरून आणि उंचीवरून ठरते. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरहून अधिक उंचावर नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. हा थांबा आखणीतच धरावा. वर गेल्यावर बरे वाटते आहे म्हणून तो वगळू नये, कारण उंचीचा त्रास अनेकदा काही तासांनी, रात्री जाणवू लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. नकाशा पुढ्यात घ्या, प्रत्येक मुक्कामापाशी पेन्सिल टेकवा आणि विचारा: इथे एखाद्याचा पाय मोडला, तर सर्वांत जवळच्या रस्त्यावर कोणत्या वाटेने उतरायचे? जिथे उत्तर सापडत नाही, तो दिवस धोक्याचा समजून तिथे हवामानाची आणि वेळेची जास्त सूट ठेवा. अशा ट्रेकमध्ये एखादी खिंड ओलांडल्यावर मागे फिरणे पुढे जाण्यापेक्षा लांबचे होते. त्या खिंडीखालच्या मुक्कामावर ‘उद्या जायचे की नाही’ हा निर्णय घ्यायचा असतो, खिंडीत पोहोचल्यावर नाही.

राखीव दिवस का हवा, हे मी एका ओढ्याकाठी शिकलो. दुपारी चारला पोहोचलो तेव्हा वितळलेल्या बर्फाचे गढूळ पाणी मांडीपर्यंत होते आणि तळाशी धोंडे घरंगळल्याचा आवाज येत होता. ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच तंबू लावला. सकाळी सहा वाजता तेच पाणी पोटरीपर्यंत उतरले होते आणि तळाचे दगड मोजता येत होते. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि रात्रीच्या थंडीने ते वितळणे मंदावते, म्हणून असे ओढे पहाटे ओलांडायचे असतात. हातात राखीव दिवस नसता, तर मी बहुधा त्याच संध्याकाळी पाण्यात उतरलो असतो.

सामानाबद्दल थोडक्यात: दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, तेव्हा पायथ्याच्या हवेवरून कपडे ठरवू नयेत. नुसत्या ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास नीट पेटत नाही, म्हणून प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा. परवाने आणि तंबू लावण्याचे नियम दोन्ही टोकांना वेगळे असू शकतात. दोन्हीकडे चौकशी करावी.

शेवटी, रोजचे मुक्काम आणि उतरण्याच्या पर्यायी वाटा लिहिलेला कागद घरच्या एका जबाबदार माणसाकडे द्यावा. त्यावर ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही, तर बचाव पथकाला कळवा’ असे स्पष्ट लिहावे आणि ती वेळ राखीव दिवस धरून ठरवावी. मध्येच दुसऱ्या वाटेने खाली उतरलात, तर फोन लागताच पहिला निरोप त्याच माणसाला द्या; नाहीतर तुम्ही रस्त्यावर सुखरूप असताना लोक तुम्हाला डोंगरात शोधत राहतील.