खेड्यातलं छोटं चर्च "इथे सगळ्यांना जागा आहे" म्हणतं, ते खरंच असतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, लहान चर्चवाले सगळ्यांना जागा आहे म्हणतात ते प्रत्यक्षात दिसतं का, आणि दुसरं, चर्चची सेवा म्हणजे शेवटी धर्मात माणसं ओढायचाच प्रकार नाही का. मी नेवासा तालुक्यातल्या एका लहान मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढले, आता तिथेच महिला मंडळात आहे आणि शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवते, त्यामुळे जे रोज बघते त्यावरूनच सांगते. मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चबद्दल मला बोलता येणार नाही.

आधी थोडं मागचं सांगते कारण त्याशिवाय आमचं काही कळणार नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. त्यानंतर आमच्या भागात जे लोक ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले, आणि हे दोन्ही समाज गावकुसाबाहेरच राहायचे तरी एकमेकांच्या हातचं खायचे नाहीत. म्हणजे वरच्या जातीने खालच्याला जवळ घेतलं का एवढाच प्रश्न नव्हता, ज्यांना सगळ्यांनी लांब ठेवलं त्यांनी आपापसात काय करायचं हाही होता, आणि तो जास्त अवघड होता असं मला वाटतं. त्याचं उत्तर भाषणात नाही मिळालं, ते प्रभुभोजनात मिळालं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा तो विधी. पेला एकच असायचा, तोच सगळ्यांनी ओठाला लावायचा, ज्याला जमत नव्हतं त्याला तिथे उठून जावं लागत होतं किंवा मन बदलावं लागत होतं, मधला रस्ताच नव्हता. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपलं सोवळंओवळं कसं एका झटक्यात नाही तर हळूहळू सुटलं ते आत्मचरित्रात इतकं प्रामाणिकपणे लिहिलंय की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ते ऐकताना मान डोलावतात, कारण त्यांच्या सासवांनी दुसऱ्या बाजूने तेच बघितलेलं असतं.

आमच्याकडे अजूनही महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याची भाकर म्हणजे गव्हाची पातळ चपाती, ती घरोघरच्या पाळीने येते. यादी महिला मंडळाकडे असते. पाळकसाहेबांचं घर, मास्तरांचं घर, मग ग्रामपंचायतीत झाडलोट करणाऱ्या मावशींचं घर, मग वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं घर, असं ते फिरतं आणि कोणाचंही घर सोडायचं नाही. मावशींच्या घराचा नंबर आला की त्या आदल्या रात्री पीठ दोनदा चाळतात, पांढऱ्या रुमालात चपाती बांधून आणतात आणि स्वतः मेजावर ठेवतात, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. मग पाळकसाहेब तीच मोडतात आणि पुण्याहून गाडी घेऊन आलेले साहेबलोकही तीच खातात. तुम्ही विचारता प्रत्यक्षात काय दिसतं, तर मला विचाराल तर हे दिसतं. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी एका पेल्याऐवजी छोटे छोटे कप आले, तब्येतीच्या दृष्टीने त्यात काही वावगं नाही, पण आमच्या मंडळीने भाकर पेल्यात बुडवून द्यायचं ठरवलं कारण पेला एकच राहावा असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं.

आता सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. लग्न जमवताना "ते मूळचे कोण" हे आजही विचारलं जातं, एका चपातीतून खाणारी माणसं सोयरीक करताना मागे सरकतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला हेच खडसावतो, की तुमच्यात पैसेवाले आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, मग हे कसलं प्रभुभोजन. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे होतंच, आणि ते लपवून न ठेवता पत्रात लिहून सगळ्यांपुढे वाचलं गेलं. आमच्याकडे तो अध्याय प्रेमभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, दिवशी मुद्दाम वाचतात आणि कमिटीचे लोक वाढायला उभे राहतात, ते सगळ्यात शेवटी जेवतात, रस्सा संपला तर त्यांचा संपतो.

अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये त्यात घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. गावात त्याच्याशी वागणूक तीच राहते, घर तिथेच असतं, पण बाप्तिस्मा झाला की कागदावरचा आधार जातो. त्यामुळे कितीतरी माणसं अशी आहेत जी दर रविवारी मागे येऊन बसतात, भजनात सगळ्यात मोठ्याने गातात, पण रजिस्टरला नाव लावत नाहीत कारण पोराची स्कॉलरशिप आहे. काही लोक त्यांना कच्चे म्हणतात. मला ते पटत नाही, ज्याच्या ताटातलं जाणार नाही त्याने दुसऱ्याच्या विश्वासाचं मोजमाप काढू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला तो बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांसाठी, म्हणजे आमच्या मराठी मंडळ्यांना हा विचार नवा नाही, आपण तो विसरलोय फक्त. आमच्यात या लोकांना मंडळीत मतदान नसतं कारण मंडळीच्या घटनेप्रमाणे ते सभासद नाहीत, पण भजनाची पेटी वाजवणारा दादा त्यांच्यातलाच आहे आणि त्याच्या आई वारल्या तेव्हा खड्डा खणायला तरुण संघाची मुलं पहाटेच गेली होती, सभासद आहेत का ते कुणी विचारलं नाही.

पैशाचंही तसंच आहे. सुगीच्या सणाला ज्याच्याकडे जे पिकलं ते आणतात, बाजरी, कांदे, कोंबडी, एखादी म्हातारी चार गावरान अंडी आणते. उपासना झाली की लिलाव होतो आणि तो लिलाव बघण्यासारखा असतो, कारण चार अंड्यांसाठी शिक्षक आणि कंडक्टर हट्टाला पेटतात, शंभर, दोनशे, पाचशे, आणि ती म्हातारी पदर तोंडाला लावून हसत असते. तिने चार अंडीच आणली पण मंडळीच्या खात्यात तिच्या नावावर मोठी रक्कम लागते. ही पद्धत ज्याने कुणी सुरू केली त्याला माणसाची लाज राखायची कशी हे कळत होतं.

आता सेवा. आमचा भाग उसाचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मार्च-एप्रिलपर्यंत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, करून राहतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपीपाशी बसलेली असते, तिची शाळा गावाकडे राहिली. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही संध्याकाळी त्या मुलांना बसवतो, पाढे, वाचन, नंतर खिचडी किंवा शेंगदाण्याचा लाडू, दिवा बंद करून त्यांना टॉर्च घेऊन पोचवतो. तिथे प्रार्थना घेत नाही, गीतं शिकवत नाही, हे कमिटीने ठरावात लिहून ठेवलंय. यावर आमच्यात वाद झाला, काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली आपण आपल्या प्रभूचं नाव का लपवायचं, आणि त्यांचं दुखणं मला समजतं. पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत अडकलेला माणूस कशालाच नाही म्हणू शकत नाही, त्याच्या लेकराला खिचडी देऊन वर काही मागणं हे मला तरी शुभवर्तमान वाटत नाही. चर्चची खोली आहे हे त्यांना माहीत असतं, भिंतीवर वधस्तंभ आहे, कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, तेवढंच.

ओढायचा प्रकार कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही, मी सगळ्यांची हमी घेऊ शकत नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली, विधवा आणल्या, अंध बायकांना त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं, आज इतक्या वर्षांनीही तिथे निराधार बायका राहतात. त्यांचा हेतू ख्रिस्ती होता हे त्यांनी कधी लपवलं नाही, त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते, टीका करणाऱ्यांचे सगळेच मुद्दे खोटे नाहीत. तरी त्या बायकांना त्या वेळी दुसरं कोण घ्यायला तयार होतं हेही विचारायला हवं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर नाताळला जाऊ नका, नाताळला सगळीच चर्च छान दिसतात. जून-जुलैतल्या एखाद्या साध्या रविवारी जा, पेरणीमुळे माणसं कमी असतात. हिशेब कोण वाचतं, त्यात बायका आहेत का, पायरी न चढता येणाऱ्या आजोबांना आत आणायला कोण उठतं आणि उपासना संपल्यावर नवीन आलेल्या माणसाला घरी चहाला कोण नेतं एवढं बघा. आणि नेवाशाकडे आलात तर आमच्याकडेच या, चहा माझ्याकडे.