तेलगळतीसाठी आपत्कालीन निधी मोडावा, कर्ज घ्यावे की गाडीच विकावी?

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. २००१ सालची पोर्शे बॉक्स्टर आपल्याकडे नऊ वर्षांपासून आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकते आणि रोज सकाळी जमिनीवर तळहाताएवढा डाग दिसतो. एका गॅरेजने क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे सील बदलण्यासाठी दिलेला अंदाज आपल्या दीड महिन्याच्या पगाराइतका आहे, तर दुसऱ्याने नुसते तेल भरत राहण्यास सांगितले आहे. चार महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी मोडावा, वैयक्तिक कर्ज काढावे की गाडी आहे त्या अवस्थेत विकावी, हे आपल्याला ठरवायचे आहे.

यांपैकी काहीही आज ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेल नेमके कुठून येते हे अजून कोणी तपासलेलेच नाही. तेल वरच्या एखाद्या जोडातून निघते, ओघळत खाली येते आणि सर्वांत खालच्या कडेवरून ठिबकते; त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथेच दोष आहे असे गृहीत धरता येत नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये सिलिंडर हेडच्या मागे बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरची छोटी ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कडक झाली की तेल नेमके गिअरबॉक्सच्या सांध्याकडे उतरते आणि मागचे सील गेल्याचा भास होतो, हे त्या गाडीच्या मालकांना चांगले ठाऊक आहे. इंजिन स्वच्छ धुऊन, तेलात चमकणारा रंग मिसळून, गाडी काही अंतर चालवून अतिनील दिव्याखाली पाहणे हा तुलनेने किरकोळ खर्च आहे आणि तो सर्वांत आधी करावा. क्रँककेसमधील (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या कवचातील) वायू बाहेर काढणारी व्यवस्था तुंबलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण आत दाब साठत असेल तर नवे सीलही फार दिवस टिकणार नाही.

तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर आगीचा धोका असल्याने गाडी त्याच दिवशी उभी करावी. तिथे पैशांचा हिशेब दुय्यम ठरतो. क्लच घसरू लागला असेल किंवा तेलाची पातळी दर आठवड्याला जाणवण्याइतकी खाली जात असेल, तरीही दुरुस्ती लांबवू नये.

तपासणीत मागचे सीलच दोषी ठरले आणि गळती संथ असली, तर खर्चाची रचना नीट समजून घेणे आवश्यक आहे. सील स्वतः स्वस्त असते. आपण पैसे मोजतो ते गिअरबॉक्स उतरवण्याच्या आणि पुन्हा बसवण्याच्या मजुरीचे. तेवढ्याच मजुरीत क्लच बदलता येतो, आणि आपल्या इंजिनाच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातील मधल्या दांड्याचे) बेअरिंगही तेव्हाच बदलता येते. हे बेअरिंग निकामी झाल्यास संपूर्ण इंजिन वाया जाऊ शकते, शिवाय त्यावरील झाकणातूनही अगदी त्याच जागी तेल गळते. म्हणून आज केवळ सील बदलून दोन वर्षांनी क्लचसाठी पुन्हा तीच मजुरी देणे मला तोट्याचे वाटते. गॅरेजकडून दोन लेखी अंदाज मागावेत, एक फक्त सीलचा आणि दुसरा या सर्व कामांचा एकत्रित, आणि दोन्हींत मजुरी वेगळी दाखवायला सांगावी.

आता पैशांविषयी. आपत्कालीन निधीला हात लावू नये. तो सहा महिन्यांच्या खर्चाइतका असावा असे मी मानतो आणि आपला आधीच अपुरा आहे. शिवाय रोजच्या प्रवासासाठी आपल्याकडे दुसरी गाडी असल्याने ही दुरुस्ती आपत्कालीन ठरत नाही. हौसेच्या वस्तूसाठी व्याज भरणेही मला पटत नाही. आपण दरमहा पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक टाकता असे लिहिले आहे. ती शिल्लक आठ महिने वेगळ्या खात्यात ठेवली, तर पहिल्या अंदाजाइतकी रक्कम जमून एकत्रित कामासाठी थोडे अधिकही हाती राहील. तोपर्यंत दर आठवड्याला तेलाची पातळी मोजून नोंदवावी, म्हणजे गळती वाढत असल्यास ती आकड्यांतूनच कळेल.

गाडी आहे तशी विकल्यास खरेदीदार सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून किंमत पाडेल; गळतीचे कारण लेखी नोंदलेले असेल तर त्याला फक्त ठरावीक कामाचा खर्च वजा करता येईल. म्हणून विकायची असली तरी तपासणी आधीच व्हावी. गेल्या नऊ वर्षांत गाडीवर झालेला खर्च मात्र या हिशेबात धरू नये, तो आता कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही. दुरुस्तीनंतरही दरमहा या गाडीसाठी काही रक्कम बाजूला ठेवणे आपल्याला जमणार नसेल, तर ती विकावी, असेच मी सांगेन, कारण या वयाच्या इंजिनातील इतर रबरी सीलही तितकीच जुनी झालेली आहेत.