वाचकांचे प्रश्न : जुना इलेक्ट्रिक पियानो घरी आणताना

प्रश्न : मुंबईत ऱ्होड्स स्टेज 73 हा जुना इलेक्ट्रिक पियानो विकत मिळतो आहे. आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद, मध्येच वळणारा. पियानो कसा आणावा? पैसे देण्याआधी काय बघावं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : आधी बघण्याविषयी. स्टेज मॉडेलला स्वतःची वीज लागत नाही. गिटारसारखी वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की आवाज येतो. त्यामुळे सोबत छोटा अ‍ॅम्प आणि वायर न्या आणि 73 च्या 73 पट्ट्या एकेक करून वाजवा, आधी हलक्या हाताने, मग जोरात. एखादी पट्टी मुकी निघाली तर अ‍ॅम्प बंद करा आणि कान जवळ नेऊन तीच पट्टी वाजवा. आतली पोलादी काडी, म्हणजे टाइन, स्वच्छ घुमत असेल तर दोष पिकअपमध्ये, म्हणजे टाइनची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीत, किंवा त्याच्या जोडणीत आहे. नुसतं ‘ठक्’ ऐकू आलं तर टाइन तुटली आहे किंवा कशाला तरी टेकते आहे. टाइन बदलता येते, पिकअपही बदलता येतो. पण दोन्ही परदेशातून मागवावे लागतात. तेव्हा चार-पाच पट्ट्या मुक्या असतील तर किंमत तेवढी उतरलीच पाहिजे. आत हार्पजवळ, म्हणजे टाइन आणि पिकअप बसवलेल्या चौकटीजवळ, आठवडा आणि वर्ष सांगणारा शिक्का सापडतो. 2575 असेल तर 1975 चा पंचविसावा आठवडा. विक्रेत्याने सांगितलेल्या सालाशी तो ताडून बघा.

आता हलवण्याविषयी. हा पियानो झाकणासकट साठ किलोच्या आसपास भरतो आणि लांबीला सव्वा मीटरच्या आत असतो. तेव्हा खरा प्रश्न वजनाचा नाही, धरण्याचा आहे. पहिल्यांदा पेडल आणि त्याचा उभा दांडा काढा. दांडा तसाच राहिला आणि पियानो खाली टेकला तर दांडा वाकतो, वरची यंत्रणाही दुखावते. मग झाकण लावून खिट्ट्या घट्ट करा. दोघांनी मिळून पियानो मागच्या लांब कडेवर, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर टेकवा. पायांना आधार देणाऱ्या आडव्या सळया सोडवा आणि चारही पाय फिरवून काढा. पाय, सळया, दांडा वेगळ्या पिशवीत घाला. झाकणाच्या आत सुटे ठेवलेले पाय प्रवासात थेट टाइनवर आदळतात.

टेम्पो करायचा तर छोटा हत्ती पुरतो. पियानो आडवा, झाकण वर, खाली चार इंची गादी. जागा केबिनच्या पाठीला लागून, कारण मागच्या टोकाला धक्के जास्त बसतात. पट्टे खोक्याच्या दोन्ही टोकांवरून बांधा, झाकणाच्या मधोमध आवळू नका. उलटा तर कधीच ठेवू नका. उलट्या स्थितीत हॅमर, म्हणजे टाइनवर आघात करणारे हातोडे, टाइनवर पडून राहतात आणि चारशे किलोमीटरचा रस्ता त्यांना तिथेच आपटत राहतो. निघण्याआधी हार्पचे दोन्ही टोकांचे स्क्रू घट्ट आहेत ना, एवढंही बघून घ्या.

जिन्यासाठी तीन माणसं हवीत : एक वर, एक खाली, तिसरा मोकळ्या हाताने वळणावर सांगायला आणि भिंत सांभाळायला. ताकदवान माणूस खाली. धरायचं ते तळाला हात घालून. झाकणाच्या खिट्ट्यांना धरून उचललं की झाकणच हातात येतं. वळणावर दोन-पाच मिनिटं पियानो टोकावर उभा केला तर काही बिघडत नाही. दुसऱ्या मजल्यावर नेताय हे उत्तमच. 2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठवर शिरलं ते वडोदरेकरांना सांगायला नको.

प्रश्न : काकांनी अमेरिकेहून आणलेला वुर्लिट्झर 200ए हा इलेक्ट्रिक पियानो बरीच वर्षं बंद पडून आहे. प्लग अमेरिकन आहे. अडॅप्टर लावून सुरू करू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नको! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपली 230 व्होल्ट वीज पियानोतल्या ट्रान्सफॉर्मरला जाळून टाकेल. आयसोलेशन प्रकारचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, 200 व्हीए क्षमतेचा पुष्कळ झाला, बाहेर 110 व्होल्ट देणारा. 120 चा घेऊ नका : तिकडची वीज 60 हर्ट्‌झची, आपली 50 ची, आणि कमी हर्ट्‌झवर तोच ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. थोडं कमी व्होल्टेज त्याच्या पथ्यावर पडतं. सूर मात्र बदलत नाही, कारण तो पोलादी रीडमधून, म्हणजे थरथरणाऱ्या पत्तीतून येतो. जुन्या हॅमंड ऑर्गनची गोष्ट वेगळी. त्याची मोटर विजेच्या हर्ट्‌झवर चालते, म्हणून अमेरिकन वाद्य इथे तीन अर्धस्वर खाली बोलतं.

पहिल्यांदा वीज देताना स्टेपडाउनच्या 230 च्या बाजूला 60 वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. तो लखलखीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. 200ए 1974 मध्ये बाजारात आला, म्हणजे आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आता बदलायलाच झालेत. ते काम अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला द्या आणि त्याला आवर्जून सांगा : रीडच्या पिकअपवर सुमारे 150 व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं.

वाजवताना चरचर आली तर बहुतेक वेळा रीड आणि पिकअप यांच्या फटीत धूळ अडकलेली असते. वीज काढून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर, कॅमेऱ्याची धूळ उडवायच्या रबरी फुग्याने हवा मारा. फटीत सुई घालू नका. रीडच्या टोकावरचा शिशाचा (सोल्डरचा) डाग सुरासाठी असतो. तो घासला की सूर चढतो, वाढवला की उतरतो. घासायचाच असेल तर रीड बाहेर काढून घासा, नाहीतर तोच भुगा पिकअपमध्ये पडून नवी चरचर सुरू होईल. नंतर हात साबणाने धुवा.

प्रश्न : पावसाळ्यात ऱ्होड्सच्या पट्ट्या दाबल्या की वर यायला वेळ लावतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला तर?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : गुंडाळू नका, आतला दमटपणा आतच कोंडतो. सुती चादर पुरे. लाकूड आणि पट्टीच्या भोकातलं फेल्ट फुगल्यामुळे पट्टी पिनेला घट्ट धरते. तेल किंवा स्प्रे मारला की फेल्ट चिकट होतं, ते पुन्हा धड होत नाही. पाऊस सरल्यावर बऱ्याच पट्ट्या आपोआप मोकळ्या होतात. उरलेल्यांना टेफ्लॉनची पावडर चिमूटभर. झाकणाखाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की तापवून वाळवा. डॅम्परच्या, म्हणजे सूर थांबवणाऱ्या भागाच्या, फेल्टला कसर लागते, तेही दिवाळीच्या सफाईत बघत चला. आणि गंज दिसला म्हणून तारेच्या घासणीने घासू नका. पिकअपमधलं चुंबक पोलादाचा एकेक कण ओढून घेतं, आणि तो कण टाइनला लागला की सूर खरखरतो.

प्रश्न : आमची पेटी आणि ऱ्होड्स यांचे सूर जुळत नाहीत. कोणाला हलवावं?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : फरक थोडा असेल तर ऱ्होड्सला. टाइनवरची छोटी स्प्रिंग टोकाकडे सरकवली की सूर उतरतो, मुळाकडे सरकवली की चढतो, आणि उद्या परत होती तिथे आणता येतो. पेटीचा सूर एकदा खरवडला की गेलेलं पितळ परत येत नाही. वरच्या सप्तकात स्प्रिंग केसभर हलली तरी सूर निसटतो, तिथे ट्यूनर समोर ठेवूनच हात लावा. मात्र पेटी गांधार ट्यूनिंगची, म्हणजे एकाच षड्जाला धरून लावलेली असेल तर ऱ्होड्स त्याप्रमाणे लावू नका. त्या एका षड्जात गोड लागेल, पण दुसऱ्या कुठल्याही षड्जात साथ करता येणार नाही.