शुगरची गोळी चालू असताना नवरात्राचे उपास करू द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा, की आईला शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी चालू आहे, त्या नवरात्राचे नऊही दिवस उपास धरतात आणि व्हॉट्सॲपवर तर उपासाचे फायदेच फायदे येतात. मग अडवायचं की नाही?

माझं यवतमाळ जिल्ह्यात एका बाजाराच्या गावी मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, काउंटरवरून जे दिसतं आणि औषधांचं जे शिकलो ते सांगतो. उपासाचं नंतर बघू, आधी गोळीचं बघा.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर उपाशीपोटी शुगर सहसा खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो-नसो, ते शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं. सकाळी गोळी, वर नुसता चहा आणि दिवसभर वावरात सोयाबीनची सोंगणी, म्हणजे शुगर घसरणारच. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. मागच्या नवरात्रात एक काकू दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या, हात थरथरत होते, लुगडं घामानं ओलं. म्हणे, "दादा, गोळी त सकाळीच घेतली, मंग असा घाम काऊन सुटून राह्यला?" मीटरवर ५४ आली. ७० च्या खाली गेली की थांबायचं नसतं. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, तर म्हणाल्या उपास मोडते. साखर उपासाला चालते, हे त्यांना मीच सांगितलं! पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग दोन केळी खाल्ल्यावरच घरी जाऊ दिलं.

याच्या उलटंही होतं. उपास आहे म्हणून गोळीच बंद, आणि सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी आलूचे चिप्स, संध्याकाळी परत उसळ. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाच. अशा माणसाची शुगर दसऱ्यापर्यंत तीनशेवर गेली तर नवल कसलं?

फायद्यांचं म्हणाल, तर ते आहेत. लिव्हरमध्ये साठवलेली साखर साधारण १२ ते २४ तास पुरते, ती संपत आली की शरीर चरबी जास्त वापरायला लागतं. पण दर तीन तासांनी फराळ चालू असेल तर तो साठा संपणार कधी? वजन कमी होतं ते पोटात कमी गेल्यामुळे. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ साली छापून आला. आठ तासांतच जेवणारे आणि तेवढंच मोजून पण दिवसभरात केव्हाही जेवणारे, वजन दोघांचंही कमी झालं, पण एका गटाचं दुसऱ्यापेक्षा म्हणण्यासारखं जास्त उतरलं नाही. आणि तो 'उपासाला नोबेल मिळालं' वाला मेसेज पुढे पाठवू नका. २०१६ चं नोबेल जपानच्या ओसुमींना मिळालं ते पेशी आपलाच कचरा कसा मोडतात या शोधाबद्दल, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवरचं होतं. एकादशी धरल्यानं कॅन्सर बरा होतो असं त्यात कुठेच नाही.

आईंना उपास करायचाच असेल तर साबुदाण्यापेक्षा भगर बरी, सोबत शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी. भगरही बेतानंच, तिनंही शुगर वाढतेच. भगरीचं पीठ मात्र सुटं घेऊ नका. नवरात्र आलं की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतातच. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर ॲस्परजिलस बुरशी धरते आणि तिचं विष पोटात जातं. पाकीटबंद भगर आणायची, निवडून-धुऊन वाळवायची आणि लागेल तेवढीच घरी दळायची. रात्रीची उरलेली सकाळी खायची नाही.

निर्जळ उपास आईंना नकोच. आपल्या विदर्भात सिकलसेलवाले बरेच आहेत, त्यांनी तर हरतालिकेलाही पाणी सोडू नये. या रक्ताच्या आजारात अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी वाकड्या होऊन अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. गरोदर बाया, किडनीचे पेशंट यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. फवारणीला जाणाऱ्यानं त्या दिवशी उपास धरूच नये.

तुम्ही एवढं करा, घट बसायच्या आठवडाभर आधी आईंना गोळीच्या पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या. गोळी कोणत्या वेळेला घ्यायची, ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का, हे तेच ठरवतील. गोळीत डापाग्लिफ्लोझिन असेल तर तेही दाखवा, उपासात ते काही दिवस थांबवावं लागू शकतं. आणि जुना डोस कधीपासून परत घ्यायचा हेही तेव्हाच लिहून घ्या, नाहीतर दसऱ्याला पुरणपोळीवर कमी केलेलाच डोस चालू राहतो.