चेक-इनच्या (‘मी आत्ता इथे आहे’ अशा ॲपवरच्या नोंदींच्या) डेटावरून खान्देशात फिरायची ठिकाणं सुचवणारं ॲप कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जमेल का?

जमेल भाऊ. पण तुम्ही म्हणताय तसं ‘गोवाला’ या बंद पडलेल्या चेक-इन ॲपचा डेटा उतरवला, मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (कोण कुठे गेलं या तक्त्यावरून आवडीचा अंदाज बांधायची पद्धत) चालवलं आणि जळगाव-धुळे-नंदुरबारची यादी हाती आली, असं होत नाही. मी जळगावचाच, शेवटच्या वर्षाला हाच उद्योग करून बसलोय.

गोवालाच्या खुल्या संचात फेब्रुवारी २००९ ते ऑक्टोबर २०१० मधले १,९६,५९१ वापरकर्ते आणि ६४,४२,८९० चेक-इन आहेत. आकडा दांडगा, पण माणशी सरासरी जेमतेम तेहतीस, आणि तेही बहुतेक अमेरिका-युरोपातले. पद्धत शिकायला झकास, चाळीसगावजवळची पाटणादेवी शोधायला निरुपयोगी. म्हणून मी मित्रांकडून, त्यांना विचारून, चेक-इन गोळा केले. पहिल्या फेरीत ॲपने ज्याला त्याला अजिंठा आणि रेल्वे स्टेशन सुचवलं!

कारण लोक मिरवण्याजोग्या जागीच चेक-इन करतात. हिवाळ्यात अख्खी गँग मळ्यात भरीत-पार्टीला जाते, तिथे कोण चेक-इन करतंय? तोरणमाळच्या वाटेवर रेंज गेली की नोंदही गेली. तेव्हा नोंद नाही म्हणजे आवडलं नाही, असं धरू नका. झालेल्या चेक-इनला जास्त वजन द्या, तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीला अगदी कमी. माझी निम्मी गाडी तेवढ्यानेच रुळावर आली.

दुसरी खोड अंतराची. जवळच्या जागी जाण्याची शक्यता जास्त, हे सूत्र बरोबरच. पण मी अंतर सरळ रेषेत मोजलं आणि मध्ये तापी आहे हे विसरलो. ॲप म्हणे नऊ किलोमीटर, पुलावरून वळसा घालून झाले एकतीस. मामा अजून ऐकवतात. रस्त्याचंच अंतर घ्या.

महिनाही हवाच. सारंगखेड्याची गर्दी दत्तजयंतीच्या घोडेबाजाराची, चांगदेवची महाशिवरात्रीची. वर्षाची सरासरी काढली की दोन्ही यादीत तळाला जातात. उलट पाटणादेवीचे पावसाळ्यातले फोटो पाहून ॲप मे महिन्यात धबधबा दाखवायला पाठवतं.

मित्रयादीवर फार भिस्त ठेवू नका. स्टॅनफर्डच्या २०११ च्या अभ्यासात माणसाच्या हालचालींपैकी १० ते ३० टक्केच मैत्रीतून उलगडल्या, ५० ते ७० टक्के रोजच्या ठरलेल्या फेऱ्यांमधून. दूरच्या प्रवासात मात्र मैत्रीचा प्रभाव जास्त दिसला, म्हणजे तोरणमाळसाठी मित्र विचारात घ्या, गावातल्या शेवभाजीसाठी नको.

आणि हो, रात्रीचे चेक-इन आधीच काढून टाका. माझ्या नकाशावर एका खेड्यात एकच ठिपका होता, तोही रोज रात्री दहानंतर. कुणाचं घर ते वर्गात सगळ्यांनी ओळखलं. नावं तर मी आधीच पुसली होती.